थोरलीला कुणी विचारलं?

थोरलीची किडनी कुणाला द्यायची हे माडीवर ठरलं, तेव्हा थोरली खाली दुकानात एका जुन्या आरामखुर्चीचं पोट फाडून आतला काथ्या उपसत बसली होती. वर खुर्च्या सरकल्याचा, कपबशा वाजल्याचा आवाज तिला येत होता. आई आणि मधला भाऊ बोलत असणार, एवढं तिनं ओळखलं आणि पुन्हा कामात डोकं घातलं. गिऱ्हाईक संध्याकाळी खुर्ची न्यायला येणार होतं.

मग जिना करकरला. आई कठडा धरत खाली आली आणि शेवटच्या पायरीवर टेकली. तिच्यामागून मधला उतरला. त्याला घरात सगळे 'साहेब' म्हणत. कचेरीत तो साहेब होता की नव्हता हे कुणी तिथं जाऊन बघितलेलं नव्हतं, पण घरात मात्र तो लहानपणापासूनच साहेब होता.

"ठरलं बाई एकदाचं," आई म्हणाली. "तू द्यायचीस."

"काय द्यायचंय?" थोरलीला वाटलं, कुणाचं तरी काम द्यायचं राहून गेलं. "त्या दवाखान्याची बाकं ना? परवा देते म्हटलंय मी त्यांना."

"बाकं नव्हेत गं. किडनी. बारक्याला."

थोरलीच्या हातातला काथ्या हातातच राहिला.

बारक्या म्हणजे तिचा सगळ्यात धाकटा भाऊ. वर्ष होऊन गेलं, त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन तो मशीनला जोडून घेई. मशीन त्याचं रक्त बाहेर काढून धुवी आणि परत आत सोडी. घोटभर पाणीसुद्धा मोजून प्यावं लागे. तहान फारच लागली तर तोंडात बर्फाचा खडा धरून बसे आणि म्हणे, "चैन आहे बुवा आपली, बाराही महिने थंडाई." ही असली थट्टा करणाऱ्या पोरासाठी थोरलीचा जीव तुटत नव्हता असं नाही. तिनंच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. वडील गेले तेव्हा दुकानातली हातोडी तिनं उचलली ती आजतागायत खाली ठेवली नव्हती. साहेबाचं शिक्षण, बारक्याचं लग्न, आईची औषधं, सगळं ह्या खुर्च्यांच्या पोटातून निघालं होतं.

"आईला साखर आहे, तिची चालत नाही," साहेब हिशेब समजावून दिल्यासारखा बोलू लागला. "त्याच्या बायकोचा रक्तगट जुळत नाही. मी गेलो होतो, तर मला म्हणाले, दाता म्हणून तुम्ही योग्य ठरत नाही. का, ते सांगत नाहीत. विचारलं तरी सांगत नाहीत. आता राहिलं कोण? तू. तुझा आणि त्याचा गट एकच. टेन्शन घेऊ नकोस, ताई, हल्ली दुर्बिणीतून काढतात. लगेच उभी राहशील."

"देवानं दोन दिल्यात त्या उगाच का?" आई म्हणाली. "एक आपल्याला, एक वेळप्रसंगाला. आणि तुझं काय बाई, ना नवरा ना मूल. तुझ्यामागं रडणारं कोण आहे? साहेबाला दोन लेकरं. त्याला काही झालं तर घर उघड्यावर पडेल."

हे आई काही दुष्टपणानं बोलली नाही. दुष्टपणानं बोलली असती तर थोरलीला उलटून बोलता तरी आलं असतं. आई जसं 'दूध उतू जाईल, बघ' म्हणते तसंच बोलली, आणि बोलून झाल्यावर गुडघा चोळत बसली.

थोरली म्हणाली, "बघू."

आणि तिथंच सगळं फसलं. कारण त्या घरात थोरलीच्या 'बघू'चा अर्थ 'हो' असाच होता. शाळा सोडशील का, बघू. हे स्थळ राहू दे, साहेबाची परीक्षा होऊन जाऊ दे, बघू. तिनं 'बघू' म्हणायचं आणि बाकीच्यांनी पुढच्या कामाला लागायचं, हा रिवाजच पडला होता. आताही आई देवाचं नाव घेत उठली, आणि साहेबानं खिशातून फोन काढून दवाखान्याची वेळ घेऊन टाकली.

पुढं तपासण्या सुरू झाल्या. रक्त झालं, लघवी झाली, छाती झाली, पोटाचे फोटो झाले. थोरली दुकान बंद करून जाई आणि येऊन परत उघडी. एव्हाना गल्लीभर झालं होतं. समोरची शिवणकामवाली हात जोडून म्हणाली, "धन्य हो तुमची, बहीण असावी तर अशी." एका गिऱ्हाइकानं तर सोफ्याचं कापड निवडता निवडता डोळे पुसले. अजून सुरी लागलेली नव्हती, पण सत्कार सुरू झाला होता. थोरलीला त्या प्रत्येक कौतुकानं आतून चटका बसत होता. चोरानं आधी पाकीट काढावं आणि मग चारचौघांत म्हणावं, 'काय दानशूर बाई आहे!' तसं तिचं झालं होतं. आणि गंमत अशी की आता ती ओरडली असती तर चोरी तिच्याच नावावर जमा झाली असती.

शेवटची भेट राहिली होती ती समुपदेशक बाईंची. साहेब तिला गाडीवरून सोडायला आला, पण फाटकाशीच थांबला. "तू जा वर, मी चहा घेतो. त्या बाई उगाच डोकं खातात," असं म्हणून तो समोरच्या टपरीकडं वळला.

खोली लहानशी होती. टेबलावर प्लास्टिकची दोन मूत्रपिंडं उलगडून ठेवली होती, मुलांच्या खेळण्यासारखी. बाई वयानं थोरलीपेक्षा लहान. तिनं उठून दार लावून घेतलं, थोरलीला पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला हे करायचं आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला. घरच्यांना नव्हे."

थोरलीला हसू आलं. हसू म्हणजे काय, घशातून काहीतरी खरखरत वर आलं. "हे विचारायला तुम्हाला पगार मिळतो का हो?" ती म्हणाली. "नाही, मला वाटलं फुकटात कुणी विचारतच नसेल."

बाई हसली नाही. तिनं सगळं नीट सांगितलं. एका किडनीवर माणूस चांगला जगतो, उरलेली हळूहळू जास्त काम उचलते. पण ऑपरेशन ते ऑपरेशनच, त्याला धोका असतो, थोडा का होईना, आणि पुढं जन्मभर रक्तदाब नि रक्त तपासत राहावं लागतं. काही आठवडे जड उचलायचं नाही, हातोडीसुद्धा जपून. दिलेली किडनी जुन्यांच्या जागी बसवत नाहीत. जुन्या असतात तिथंच राहतात, नवी पुढं ओटीपोटात खाली बसवतात. भावाला रोजच्या रोज गोळ्या घ्याव्या लागतील, नाहीतर त्याचं शरीर तिला परकी समजून हाकलून देईल. आणि गोळ्या घेऊनही ती कायमची टिकेल याची हमी कुणी देत नाही.

"मी नाही दिली तर तो मरेल का?"

"खोटं सांगत नाही. डायलिसिसवर माणसं वर्षानुवर्षं काढतात, पण सोपं नसतं, आणि काही दगावतातही. मात्र तुम्ही म्हणजे एकमेव रस्ता नाही. एक तर प्रतीक्षायादी. एखाद्याचा मेंदू मृत होतो, म्हणजे तो माणूस गेलेलाच असतो, नुसतं मशीन श्वास चालवत असतं आणि म्हणून छाती हलताना दिसते. अशा माणसाच्या घरच्यांनी होकार दिला तर त्याचे अवयव यादीतल्यांना मिळतात. वेळ लागतो, पण मिळतात. दुसरं म्हणजे अदलाबदल. समजा एका घरात बायको द्यायला तयार आहे पण गट जुळत नाही, आणि दुसऱ्या घरातही तीच अडचण आहे. तर हिची त्या रुग्णाला आणि त्यांच्यातल्याची हिच्या नवऱ्याला."

बारक्याच्या बायकोला गट जुळत नाही म्हटल्यापासून घरात कुणी चकार शब्द बोलू दिला नव्हता. 'तुझं काय आता, तू नुसती देवाची प्रार्थना कर,' एवढंच.

"हे घरच्यांना माहीत आहे?"

"आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

मग बाई पुढं झुकून म्हणाली, "तुमच्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत. तुम्ही देऊ शकता. पण तुम्हाला द्यायची नसेल तर तसं मला सांगा. आम्ही घरच्यांना एवढंच कळवतो की दाता म्हणून ह्या योग्य ठरत नाहीत. का, ते सांगत नाही. विचारलं तरी सांगत नाही. त्यामुळं घरी कुणाला तोंड द्यावं लागत नाही."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच शब्द. जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून साहेबानं तिला ऐकवलेले, जसेच्या तसे.

"माझा भाऊ इथं येऊन गेला—"

"दुसऱ्या कुणाबद्दल मी बोलणार नाही," बाई शांतपणे म्हणाली, "जसं तुमच्याबद्दल त्यांच्याशी बोलणार नाही. आणि हे वाक्य सगळ्यांना एकच असतं. ज्याच्या किडनीत खडा सापडतो त्यालाही तेच, आणि ज्याच्या मनात नसतं त्यालाही तेच. म्हणून तर त्याचा उपयोग होतो."

खरंच होतं ते. साहेबाच्या पोटात खडा असेलही. थोरलीनं स्वतःला बजावलं, उगाच कुणाला चोर ठरवू नये. पण मन ऐकेना. तो ह्या खुर्चीत बसून घाबरला असेल, तर घाबरू दे. भिण्याचा हक्क सगळ्यांना आहे. भ्याला, त्याला कुणी हसलं नाही, कुणी जाब विचारला नाही, एका वाक्याची चादर पांघरून त्याला सुखरूप घरी पाठवलं. ठीक. पण तीच चादर अंगावर घेऊन तो माडीवर गेला आणि आईच्या शेजारी बसून बहिणीचा सौदा ठरवू लागला! स्वतःला 'नाही' म्हणायची सोय मिळाली, आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर थोरलीची ती सोय काढून घेतली.

"मग मी काय कळवू?" बाईनं विचारलं.

"काही कळवू नका. माझं मी सांगीन."

"घरी त्रास होईल तुम्हाला."

"तो आत्ता काय कमी होतोय?"

खाली येऊन ती टपरीकडं गेलीच नाही. मागच्या बाजूच्या इमारतीत बारक्याचं मशीन होतं, तिकडं वळली. ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेशी घरघरणारं कपाट, आणि नळ्यांमधून फिरणारं लालभडक रक्त. बारक्या पांघरूण घेऊन पडला होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

"काय म्हणते आमची गोदामवाली? माल पसंत पडला का डॉक्टरांना?"

"तुझं नाव त्या यादीत आहे का?" थोरलीनं उभ्या उभ्याच विचारलं.

"कुठल्या यादीत?"

"गेलेल्या माणसांची किडनी मिळते, त्या."

"अगं, ते सुरुवातीलाच विचारलं होतं त्यांनी. आई म्हणाली, घरात धडधाकट बहीण असताना मेलेल्या माणसाचं कशाला? साहेब म्हणाला, उगाच दुसऱ्या गरजूची जागा अडेल. मग राहिलं."

"सुरुवातीला? म्हणजे वर्षापूर्वी? तेव्हा मला तर कुणी बोललंही नव्हतं."

बारक्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "नव्हतं बोललं? मला म्हणाले, ताई तयार आहे म्हणून."

थोरलीनं शेजारचं स्टूल ओढलं आणि त्यावर आदळल्यासारखी बसली. एक वर्ष. यादीत नाव नाही, अदलाबदलीचा विचार नाही, हे लेकरू तिकडं बर्फ चघळतंय, आणि सगळे निवांत. का, तर दुकानात थोरली आहे! पेटीत चाकू असला की माणूस दुसरं हत्यार शोधत नाही, तसं. तिला घरातलं माणूस म्हणून कुणी धरलंच नव्हतं, फडताळातली वस्तू म्हणून धरलं होतं.

"तू का नाही विचारलंस मला?" ती दबक्या आवाजात म्हणाली. दबका होता, पण शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मान वळवली. "आईनं नाही विचारलं, साहेबानं नाही विचारलं. पण ती तुझ्या पोटात जाणार होती ना? तुला तोंड नव्हतं?"

"मी विचारलं असतं तर तुला नाही म्हणता आलं असतं का?" बारक्या म्हणाला. "म्हणून गप्प बसलो. वाटलं, माझ्या तोंडाकडं बघून तू हो म्हणशील. ते नको होतं मला."

"वा रे शहाणा! तू गप्प बसलास म्हणून बाकीच्यांना कंठ फुटला."

मशीननं मध्येच पीं पीं केलं, नर्स येऊन बटण दाबून गेली. थोरली उठली. त्याचं पांघरूण पायावरून सरकलं होतं ते तिनं रागारागानंच नीट केलं आणि निघाली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळे माडीवर जेवायला जमत. त्या दिवशी साहेब एकटाच आला. बायको मुलांना घेऊन तिच्या बहिणीकडं गेली होती. बारक्या आणि त्याची बायको खिडकीपाशी. आईनं सगळ्यांना वाढलं, बारक्याला त्याचं बिनमिठाचं वेगळं, आणि अगदी आनंदात म्हणाली, "मग? तारीख कधीची दिली?"

थोरलीनं हातातला घास ताटात ठेवला.

"माझ्या तपासण्या चांगल्या आल्यात," ती म्हणाली. "मी देऊ शकते. डॉक्टरांची ना नाही. माझी आहे. मी देणार नाही."

काही क्षण कुणाला कळलंच नाही. मग आईच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. "देणार नाही म्हणजे?"

"म्हणजे देणार नाही. यात समजायला अवघड काय आहे?"

"अगं सख्खा भाऊ आहे तो तुझा! दगड आहेस का तू? जनाची नाही तर मनाची तरी! गल्लीत काय तोंड दाखवू मी?"

"गल्लीला मी सांगितलं होतं का? ज्यांनी डांगोरा पिटला त्यांनी तोंड लपवावं." थोरलीचा आवाज चढला नव्हता, पण ताटाच्या कडेवरची तिची बोटं पांढरी पडली होती. "आई, वर्षापूर्वी तुम्ही दोघं दवाखान्यात सांगून आलात, थोरली देणार म्हणून. मला विचारलंत? ह्याचं नाव यादीत घातलं नाहीत. ही पोरगी द्यायला तयार आहे," तिनं बारक्याच्या बायकोकडं बोट केलं, "तिला गप्प बसवलंत. गट जुळत नसला तरी तिची किडनी दुसऱ्या कुणाला देऊन त्यांच्यातल्याची ह्याला मिळू शकते. हे तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ऐकून सोडून दिलंत. कारण माल घरात तयार होता ना!"

"परक्याचं कशाला घ्यायचं गं, आपलं रक्ताचं असताना?"

"आणि मी परकी नाही म्हणून माझं न विचारता घ्यायचं? आई, दान म्हणजे देणाऱ्याच्या हातून सुटतं ते. दुसऱ्यानं हात घालून काढलं तर त्याला वेगळं नाव आहे. तू रोज देवापुढं बसतेस, तूच विचार त्याला."

आई रडू लागली. आणि इथं, ज्या माणसानं आज तोंड न उघडण्यातच शहाणपण होतं, त्यानं तोंड उघडलं.

"काय बोलतेस, ताई," साहेब मान हलवत म्हणाला. "घरच्या माणसाचा जीव जातोय आणि तू मानापमान घेऊन बसलीस. माझी चालली असती ना, तर एका पायावर दिली असती मी. एका पायावर!"

थोरलीनं ठरवलं होतं, ह्याचं नाव काढायचं नाही. जी चादर दवाखान्यानं पांघरली ती आपण ओढायची नाही. त्या बाईंनी जे राखलं ते आपणही राखायचं. पण 'एका पायावर' ऐकलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी तटकन् तुटलं.

तिनं चादर ओढली नाही. तिनं नुसता त्याचा शब्द उचलला.

"एका पायावर?" ती म्हणाली. "चल मग. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. दुसऱ्या दवाखान्यात तपासून घेऊ. एखाद्या वेळी चूक होते त्यांची. काय दोष आहे तो तरी कळेल, औषध करता येईल. चल ना. मी दुकान बंद ठेवते."

साहेबाचा घास तोंडातच राहिला. "अगं, एकदा नाही म्हटलंय त्यांनी..."

"म्हणून तर. का नाही, ते कळायला नको? तुलाच काही आजार असला म्हणजे? दोन लेकरं आहेत तुला."

"उद्या मला कचेरीत..."

"परवा."

"ताई, तू उगाच..." त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. आई रडायची थांबली होती. ती साहेबाकडं बघत होती. बारक्याची बायको ताटाकडं बघत होती. कुणाला काही समजायचं उरलं नाही.

"बस कर, साहेब," शेवटी बारक्याच म्हणाला. "जेव तू. तुला भीती वाटली यात काही नाही. मलाही वाटली असती. पण मग हिला बोलायचं नाहीस तू. इथून पुढं एक शब्द बोलायचा नाहीस."

साहेब उठला. हात न धुताच जिना उतरून गेला. खाली दुकानाचं दार आपटल्याचा आवाज आला.

मग बारक्यानं आपली खुर्ची थोरलीकडं वळवली. मशीनच्या सुयांनी त्याच्या हातावरची शीर दोरीसारखी फुगली होती. तो हात त्यानं टेबलावर ठेवला.

"ताई, आता मी विचारतो. देशील का? नाही म्हणालीस तर नाही. माझं तोंड बघू नकोस, हवं तर पाठ करून बसतो."

सगळ्यांना सुनवायची उत्तरं थोरलीकडं तयार होती. ह्याला द्यायचं उत्तर तेवढं राहून गेलं होतं. तिनं आत शोधलं. भीती होती थोडी. प्रेम होतं, त्याला तर तळच नव्हता. पण त्या सगळ्यावर राग असा पसरला होता की खालचं काही हाताला लागेना.

"नाही रे," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण 'बरं' मात्र स्वच्छ होतं, त्यात काही खोच नव्हती.

"आता ह्या रागासकट दिली ना, तर ती तुझ्या पोटात बसून तुलाच चावेल."

"चावेल काय, हातोडीनं ठोकेल," तो हसला. "आणि राग गेला तर?"

"गेला तर मी स्वतः येऊन सांगीन. तू त्या आशेवर बसू नकोस. आधी यादीत नाव घाल."

आईनं त्यानंतर थोरलीशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे अगदी पद्धतशीर. जेवायला वाढी, पण ताट सरकवी ते भिंतीकडं बघत. शिवणकामवालीनंही हात जोडणं सोडून दिलं. थोरलीनं खुर्च्या भरल्या, खिळे ठोकले, कुणाला काही समजावत बसली नाही. बारक्याचं नाव मात्र त्याच आठवड्यात यादीत गेलं, आणि अदलाबदलीसाठी त्याच्या बायकोच्या तपासण्या सुरू झाल्या.

सुनेची समुपदेशक बाईंकडं जायची वेळ आली, तेव्हा आई न सांगताच तयार होऊन जिन्याशी उभी राहिली. तिघी मिळून गेल्या. वाटेत आई सुनेला सारखी बजावत होती, "विचारतील ते विचारू देत, तू आपलं हो म्हण. नवऱ्यासाठी करतेस, नुसती मान हलवायची." सून खाली बघून चालत होती. तिनं आपणहूनच पुढाकार घेतला होता, पण आता तिचा चेहरा असा दिसत होता की जणू कुणी तिच्या मानेला दोरी बांधली आहे.

दार उघडून बाईंनी तिला आत बोलावलं. तिच्यामागोमाग आईही उठली.

थोरलीनं आईचं मनगट धरलं. "खाली बस."

"अगं, लहान आहे ती. काय बोलावं ते सुचायचं नाही तिला."

"सुचेल. बस म्हणते ना!"

एवढ्या मोठ्यानं ती आईला जन्मात कधी बोलली नव्हती. बाकावरची माणसं बघायला लागली. आई बसली. सून उंबऱ्याशी थांबून मागं वळून बघत होती. थोरली तिला म्हणाली, "हे बघ, तुझ्या मनात असेल ते सांग. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. बाहेर आल्यावर तुला कुणी काही विचारणार नाही. मी बसलेय इथं." दार लागलं.

आईचं मनगट अजून थोरलीच्या मुठीत होतं.

"हो म्हणेल ना गं ती?" आईनं भिंतीकडं बघतच विचारलं. कितीतरी दिवसांनी.

"मला काय माहीत?"

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर आपण तिघी घरी जाऊ. तिच्याकडं कुणी डोळे वटारून बघायचं नाही. तू नाही, साहेब नाही, मीसुद्धा नाही."

आई बोटानं बाकाच्या फाटक्या रेक्झिनची कड उचकटत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला कुणी कधी काही विचारलं नाही गं. मला वाटलं, असंच असतं."

थोरलीनं तिच्याकडं बघितलं. राग गेला नव्हता. तो एवढ्यात जाणारही नव्हता. पण मनगटावरची मूठ तिनं सैल केली, आणि हात तिथंच राहू दिला.